चारित्र्य पडताळणी

सुप्रियाची आठशे मीटरची वेळ एका महिन्यात एकवीस सेकंदांनी खाली आली, तेव्हा अकॅडमीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेश्मानंही वाजवल्या, पण मनात ती आकडे मांडत होती. स्वतः रात्रंदिवस घाम गाळून तिला दोन महिन्यांत सहा सेकंद कमी करता आले होते. एकवीस सेकंद म्हणजे काय, हे तिच्या पायांना ठाऊक होतं.

दोघी एकाच खोलीत राहायच्या. जळोची गावाच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये, पोलीस भरतीची तयारी करून घेणारी ही अकॅडमी होती. पत्र्याच्या सहा खोल्या, मागे मुरमाचं मैदान, चाळीस मुलं आणि अकरा मुली. रेश्मा सांगवीच्या दत्तोबांची धाकटी लेक. घरचा ऊस होता, खाऊनपिऊन सुखी होते. पण मागच्या भरतीत ती दोन मार्कांनी राहिली होती आणि तेव्हापासून घरात कुणी तिच्यासमोर त्या विषयावर बोलत नव्हतं. त्या न बोलण्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. सुप्रिया इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकाठच्या गावाची. तिला वडील नव्हते. आई आक्काबाई शाळेत पोरांचा खाऊ शिजवायची.

अकॅडमी चालवणारे इंद्रजित सर कधी ओरडत नसत. हळू आवाजात बोलायचे, त्यामुळं सगळ्यांना जवळ सरकून ऐकावं लागायचं.

"शरीर लई लबाड असतं," ते म्हणायचे. "ते थांब म्हणतं ना, तवा त्याच्यात अजून निम्मं बळ शिल्लक असतं. जो थांबला, त्याचं चारित्र्यच कच्चं. यश त्याच्या नशिबात न्हाय."

रेश्मानं हे वहीत लिहून ठेवलं होतं. तिचा त्यावर विश्वास होता.

पण सुप्रिया बदलत चालली होती. आधी बारीकसारीक गोष्टीला हसणारी पोर आता चमचा पडला तरी अंगावर यायची. पाठीवर मोठाले फोड आले होते. आवाज जाड झाला होता. एका दुपारी ती खाटेवर पडून होती आणि तिनं रेश्माचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

"बघ गं, किती जोरात उडतंय."

पाण्याऐवजी हवा ओढली की विहिरीवरची मोटर जशी थडथडते, तसं ते थडथडत होतं. रेश्मानं हात काढून घेतला.

"सुप्रिये, तू काय घेतीस का?"

सुप्रियानं भिंतीकडं तोंड केलं. "सरांना विचार."

विचारायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी सरांनीच रेश्माला ऑफिसात बोलावलं. टेबलाखाली एक छोटा फ्रीज होता. त्यातून त्यांनी काचेची बारकी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलीस, तर वीसपैकी वीस मार्क. तू तीन सहावर अडकलीस. अजून वर्षभर पळ, तितंच राहशील. ही ताकदीची सुई हाय. एक दिवसाआड."

"सर, याच्यावर लेबल न्हाय."

"माझ्यावर भरोसा हाय का न्हाय?"

रेश्मानं बाही वर केली. पुढं कित्येक महिने तिला हे आठवत राहिलं, की आपण बाही वर केली होती. ओल्या कापसाचा गारवा दंडाला लागला आणि तिच्या डोळ्यांसमोर सुप्रियाची छाती आली. तिनं हात मागं घेतला.

"मला न्हाय घ्यायचं, सर."

सर चिडले नाहीत. शांतपणे सुईला टोपण लावलं.

"ठीक हाय. आजपास्नं मागच्या रांगेत पळायचं." मग जरा थांबून म्हणाले, "आन हितलं हितंच राहू दे. भरती झाली तरी शेवटी चारित्र्य पडताळणी असती, माहिती हाय न्हवं? नावावर एखादा साधा तक्रार अर्ज निघाला तरी कागद अडकून पडतो. पोरींनी जपून राहावं."

हे सगळं त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं सांगितलं. बाहेर आल्यावर रेश्मानं दंडावरचा ओलावा ओढणीनं पुसून काढला.

खोलीत येऊन तिनं सुप्रियाला सांगितलं, "बंद कर ते. आपण डॉक्टरकडं जाऊ."

"पाच आठवडं घेतलं, आता सोडू? तुला काय गं. तुझं आबा हायत, ऊस हाय. भरती न्हाय झाली तर तू घरी जाशील. मी कुठं जाऊ?" सुप्रिया मांड्या चोळत होती. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "आज लघवी काळ्या चहासारखी झाली."

"आत्ताच्या आत्ता चल."

"भरती झाल्यावर. तीनच आठवडं राहिल्यात."

एप्रिलचा मधला आठवडा होता. त्या दिवशी सरांनी सकाळची धाव मुद्दाम दहा वाजता ठेवली. म्हणे, उन्हात पळालं की मन घट्ट होतं. कालव्याच्या कडेच्या रस्त्यानं पिंपळी गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. सर मोटारसायकलवरून मागं होते. कालव्याला पाणी सुटलं होतं, पण कुणी थांबून तोंडावर मारायचं नाही, अशी ताकीद होती.

पिंपळी अजून लांब होती, तेव्हा पुढं पळणारी सुप्रिया एकदम वाकडी पावलं टाकायला लागली. दोन-चार पावलं तशीच गेली, गुडघ्यावर बसली आणि कडेला आडवी झाली.

"नाटक हाय," मागून सरांचा आवाज आला. "उठंल ती. कुणी थांबायचं न्हाय."

पळणारी रांग पाणी दगडाला वळसा घालतं तशी तिच्या बाजूनं निघून गेली. रेश्माही गेली. साठ-सत्तर पावलं गेली असेल. पाय आपोआप पडत होते, आणि डोक्यात सरांचंच वाक्य होतं, जो थांबला त्याचं चारित्र्य कच्चं. मग तिला जाणवलं की आपण सुप्रियाच्या तोंडाकडं बघितलंच नाही, मुद्दाम बघितलं नाही. ती थांबली.

"रेश्मा, मागं फिरलीस तर अकॅडमीत पाऊल टाकायचं न्हाय," सर म्हणाले. आवाज अजूनही हळूच होता.

ती मागं फिरली. सुप्रियाचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि त्यावर घामाचा थेंब नव्हता. रेश्मानं ओढणी कालव्यात बुडवून तिच्यावर टाकली आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून येणारा दुधाचा टेम्पो अडवला.

दवाखान्यात डॉक्टर प्रमोदिनी यांनी तपासलं, रक्त काढायला लावलं, सलाईन चालू केलं. त्या बाहेर आल्या तेव्हा सरही येऊन उभे होते.

"ही मुलगी काय घेत होती?"

"काही नाही, मॅडम," सर म्हणाले. "उपाशी पोटी पळाली. सांगून ऐकत नाहीत ही पोरं."

डॉक्टरांनी रेश्माकडं पाहिलं. "तू सांग. तिचे स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकलेत. मला माहीत नसेल तर मी नीट उपचार करू शकणार नाही."

सर तिच्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उधारी मागायला आलेल्या माणसाकडं बघावं, तसे ते बघत होते.

"इंजेक्शन," रेश्मा म्हणाली. "लेबल नसलेली बाटली. एक दिवसाआड. पाच आठवडं झालं. ह्यांनीच दिली."

"हे लिहून देशील?"

"देते."

तिनं दवाखान्यातच बसून लिहून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब दिला. पोलीस पोचेपर्यंत ऑफिसातला फ्रीज पुसून कोरडा केलेला होता.

ठाण्यातून ती परत आली, तेव्हा आक्काबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिनं रेश्माचे पाय धरले. "बाई, तुझ्या पाया पडते, तेवढं मागं घे. पोरीच्या नावाला इंजेक्शन चिकटलं तर तिला सून म्हणून कोण करून घील?" रेश्मानं तिचे हात पायांवरून सोडवले. ती तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली. जबाब मागं घेतला नाही.

ती सांगवीला परतली. चौथ्या दिवशी उसाच्या बांधावर एक मोटारसायकल येऊन थांबली. वर दोघं होते, तोंडाला रुमाल बांधलेले. ते काही बोलले नाहीत, काही केलं नाही. तासभर नुसते थांबले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आई, प्रयागबाई, दार लावून घ्यायला लागली.

"आबा, तुमी मला मागं घे म्हणणार का?" रेश्मानं विचारलं.

दत्तोबांनी मळलेली तंबाखू तशीच झटकून टाकली. "मला भ्या वाटतंय, हे खरं हाय," ते म्हणाले. "पर मागं घे असं मी म्हणणार न्हाय. एकटी पळायला जाऊ नको, एवढंच."

भरती चार महिने पुढं ढकलली गेली होती. रोज पहाटे रेश्मा शेतातल्या चाकोरीवरून पळायची आणि दत्तोबा मोटारसायकलवरून मागं यायचे. टेपनं मोजून दोघांनी आठशे मीटरला खुंटी ठोकली होती. तीन सहा. तीन पाच. तीन सात. कधीकधी उसातून खसफस आली की तिचे पाय जड व्हायचे. दत्तोबा हॉर्न वाजवायचे आणि ती पुढं जायची. सरांचं ते वाक्य तिनं वहीतून खोडलं नव्हतं, पण आता तिला त्यातली मेख कळली होती. अंग थांब म्हणालं तर कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. छातीत कळ आली तर ती थांबायची. नुसता कंटाळा आला तर थांबायची नाही. जूनमध्ये तीनच्या आत एकदा आली. पुढं पंधरा दिवस पुन्हा जमलं नाही.

सुप्रियाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं.

भरतीच्या दिवशी रेश्मा दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत पळाली. वीसपैकी पूर्ण मार्क मिळाले नाहीत, पण लेखी परीक्षा चांगली गेली आणि निवड यादीत तळाकडून सातवं नाव तिचं आलं. प्रयागबाईंनी आळीत साखर वाटली.

मग पत्र आलं, की चारित्र्य पडताळणी प्रलंबित.

अर्ज इंद्रजित सरांचा होता. अकॅडमीच्या ऑफिसातून दोन मोबाईल चोरीला गेले, रेश्मावर संशय आहे, असं त्यात लिहिलं होतं. इतर मुलींना प्रशिक्षणाला बोलावणं आलं, त्या गेल्याही. रेश्मा दर सोमवारी ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायची. "चौकशी चालू आहे," एवढंच उत्तर मिळायचं. सहा सोमवार गेले. गावात कुजबूज सुरू झाली. ज्यांनी साखर खाल्ली होती, तेच आता तिच्या पिशवीकडं बघायला लागले.

सातव्या सोमवारी अधिकारी बदलून नवे आले होते. त्यांनी अर्ज तिच्यासमोर सरकवला. "अठरा एप्रिल, सकाळी अकरा ते दुपारी दोन. या वेळात तू कुठं होतीस?"

तारीख वाचून रेश्मानं बोटांवर दिवस मोजले. मग ती म्हणाली, "दवाखान्यात, साहेब. सुप्रियाला घेऊन. ती पडली तो हाच दिवस."

"पुरावा?"

तिनं सुप्रियाला फोन लावला. पुढच्या सोमवारी ठाण्याच्या दारात रिक्षा थांबली. आक्काबाई उतरली, मागून सुप्रिया, चेहरा सुजलेला, हाताला पट्टी. आक्काबाईनं पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्यात दाखल केल्याचा अर्ज होता. खाली रेश्माची सही, आणि वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं.

"साहेब, मीच हिला गप बस म्हणलं होतं," आक्काबाई म्हणाली. "ही गप बसली न्हाय. आता मी बसणार न्हाय."

सुप्रियानं त्याच दिवशी आपला जबाब दिला, स्वतःच्या नावानं.

पंधरा दिवसांनी रेश्माला रुजू होण्याचा आदेश मिळाला. जायच्या आदल्या दिवशी ती सुप्रियाला भेटायला इंदापूरला गेली. डायलिसिस जवळ पडावं म्हणून मायलेकी तिथं खोली घेऊन राहत होत्या. एसटी स्टँडवरून चालत जाताना रस्त्याकडेच्या तारेचं कुंपण घातलेल्या मैदानावर तिला मुलींची रांग दिसली. फाटकावर नवी पाटी होती, वेगळ्या नावाची. आणि मग कानावर तो हळू आवाज आला.

"शरीर लई लबाड असतं, पोरींनो."

तिच्याविरुद्धचा अर्ज खोटा ठरला होता. सुईची केस मात्र अजून तारखांवर तारखा घेत होती, आणि माणूस मोकळाच होता. रेश्मा पाटीखाली थांबली. निघून जावं असं तिला फार वाटलं. उद्या रुजू व्हायचं होतं. मग ती फाटक उघडून आत गेली.

सरांनी तिला पाहिलं आणि हसले. "या, या. पोरींनो, ही बघा माझ्याच हाताखालची. भरती झाली."

"मी रेश्मा," ती मुलींना म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "माझी मैत्रीण हितनं दोन गल्ल्या पलीकडं राहती. ह्यांनी तिला बिनलेबलाची सुई दिली. तिची मूत्रपिंडं गेली. ज्यांना बघायचं हाय, त्यांनी आत्ता माझ्यासंगं चला."

कुणी हललं नाही. सर घड्याळाकडं बघत होते. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीनं दंडावर गुंडाळलेली बाही खाली ओढली आणि बाहेर आली. तिच्यामागं अजून एक आली.

बाकीच्या नऊ जणी तिथंच राहिल्या. रेश्मानं थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या दोघींना घेऊन ती रस्त्याला लागली. मागं मैदानावर पळणं पुन्हा सुरू झालं होतं. पावलांचा आवाज गल्ली वळेपर्यंत ऐकू येत राहिला.