न चढलेली नाडी

मार्गशीर्षाची केशरओली पहाट माणदेशाच्या उघड्या माळावर उतरते, शाळूच्या पात्यापात्यावर दंवाचे मोती लगडतात, आणि माझा लेक हणमंत या साऱ्या वैभवाला पाठ दाखवून मोबाइलच्या काळ्या काचेत डोकं खुपसून बसतो. सूर्य त्याला दिसत नाही. समोर उभी पोटची पोर दिसत नाही. त्याला आकडे दिसतात.

पोर म्हणजे कस्तुरी, माझी नात. एकोणीस वर्षांची, शेलाटी, तेजस्विनी. सायकलच्या राज्य निवडीला तीन आठवडे उरलेत आणि बापच तिचा कोच. रोज ऐंशी किलोमीटर. मंगळवारी, शुक्रवारी वाघजाईचा घाट सहा वेळा. पोरीच्या छातीला पट्टा, अन् पट्ट्यातले ठोके याच्या मोबाइलवर. तिनं एक दिवस आराम मागितला, तर म्हणाला, आराम निवडीनंतर.

मी चौथी नापास. पण मी बैल वाढवलेत. शंखशुभ्र, वायुवेगी, शर्यतीचे खिलार. शर्यतीआधी आठ दिवस माझे मालक, हणमंताचे वडील, त्यांच्या मानेवर जू ठेवत नसत. पहाटे गोठ्यात जाऊन आधी कानाला हात लावत. कान गार लागला, की गाडी जागेवर. मग जत्रा कुठलीही असो, नि बोलावणं कुणाचंही असो.

कस्तुरीचे कान महिनाभर गार आहेत.

गार कान, फिके ओठ, अर्धी राहिलेली भाकरी. झोपेतून उठते ती दमूनच. अंथरुणात तिचं मनगट धरावं, तर नाडी पिंजऱ्यातल्या पाखरासारखी फडफडते. चार महिने त्या देहात ऋतू फिरकलेला नाही. बाईच्या जातीला कळतं ते मला कळलं. बापाला सांगितलं, तर म्हणाला, "वजन बघ की आई, कसं छान उतरलंय."

आज मंगळवार. कोवळं ऊन घाटाच्या तांबड्या कड्यावरून ओघळत होतं. पुढे पोरीची सायकल, मागे आमची जीप, जीपमध्ये पाण्याचे कॅन आणि मी. हणमंताच्या तोंडावर दिवाळी.

"गेल्या महिन्यात या वळणावर एकशे ऐंशी ठोके पडायचे. आता एकशे अठ्ठावन्नच्या वर जात नाहीत. हृदय तयार झालं, आई."

तेवढ्यात दूधवाल्या दगडूची खटारा एम-ऐंशी फटफटी कॅन वाजवत तिला मागे टाकून गेली. दसऱ्याला हीच पोर त्याला हसत ओलांडून जायची. मी म्हटलं, हे कुठल्या आकड्यात बसतंय? तर म्हणे, आज वारा उलटा आहे. बाभळीचं पान हलत नव्हतं.

चौथ्या वळणावर ती उतरली. सायकल कठड्याला टेकवली, अलगद, आजाऱ्याला निजवावं तशी. आणि मैलाच्या दगडावर बसली. रडली नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

"पाय दुखत नाहीत गं आजी," मी जवळ गेल्यावर एवढंच म्हणाली. "छातीच उठत नाही."

मागून बाप धावत आला. मला वाटलं, पाणी देईल. पाठीवर हात ठेवेल. त्यानं मोबाइल तिच्या डोळ्यांपुढे धरला. "हे बघ. नाडी चढलीसुद्धा नाही. तू दमलेलीच नाहीस."

खाली दरीत धुकं विरत होतं. पिवळं, हिरवं, निळं रान एकेक करून उघडं पडत होतं. त्या उजेडात माझ्या नातीचं तोंड विझल्या चुलीतल्या राखेसारखं दिसत होतं. मी पदर सोडला, तिच्या दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला, आणि लेकाकडे वळले.

"हणमंता, पुरता थकलेला बैल आसुडालाही बिचकत नाही. त्याला तू तयार झाला म्हणतोस. निवड गेली, समज. सायकल जीपवर बांध. हिचे कान ऊन होईतोवर पहाटे हिला कुणी हाक मारायची नाही. बापानं तर नाहीच नाही."