पांढऱ्या पट्ट्या

रोह्याहून भाविका पेणला परतली ती तिथल्या मित्राला, हर्षदला सोबत घेऊनच. त्याच्याकडे चांगला माइक होता, आणि तिचं वादन रेकॉर्ड होऊन आज संध्याकाळच्या आत मुंबईला पोचायलाच हवं होतं. तिथल्या ऑर्केस्ट्राबरोबर पियानो वाजवायला एक तरुण कलाकार निवडणार होते आणि आजची शेवटची तारीख होती. कीबोर्ड चालणार नाही, खराच पियानो हवा, अशी अट. तिच्यापाशी खरा पियानो एकच होता, रोह्याच्या रोहिणीबाईंचा. बाईंनी तिला लहानपणापासून शिकवलं आणि जाताना पियानोही तिलाच दिला. घरात मावेना म्हणून तो बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात, रंगाच्या डब्यांशेजारी उभा असायचा.

कारखान्यात पाऊल टाकताच तिच्या नाकात ऑइलपेंटचा वास शिरला. वास रोजचाच, पण आज तो पियानोकडून येत होता.

पिवळट झालेल्या जुन्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र चकाकत होत्या. काळ्या पट्ट्यांना सोनेरी कड काढलेली, मूर्तीच्या मुकुटाला काढतात तशी. आणि तिचे बाबा, कमळाकर, ब्रश पुसत मोठ्या समाधानाने उभे.

तिने एक पट्टी दाबली. शेजारच्या दोन तिच्याबरोबर खाली गेल्या आणि वर यायचं नाव घेईनात. रंग फटीत उतरून तिथंच चिकटून बसला होता.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" भाविका किंचाळली. "मला विचारलंत?"

"अगो, पिवळ्या पडल्या व्हत्या. मुंबईची मोठी माणसं बघणार, म्हटलं आपली वस्तू कशी झ्याक दिसाय पायजे."

"बघणार नाय, ऐकणार हायत ते! ऐकणार!"

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती सरावाला बसली की यांचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर घरघरायला लागायचा. का, तर "ऑर्डर हाय गो." मुंबईतल्या तिच्या पहिल्या कार्यक्रमाला हे आले नाहीत, माघी गणपतीची घाई होती. गावभर मात्र 'माझी पोर पियानोवाली' म्हणून मिरवायचे. एकदा, फक्त एकदा शेजारी बसून ऐकलं असतं, तर पट्ट्यांमधल्या फटी कशाला असतात ते कळलं नसतं?

बाबांनी मूर्ती कोरायची बारीक कोरणी पुढे केली. तिने ती हिसकावून घेतली.

"तुम्ही हात लावू नका."

ती फटीफटीतला रंग खरवडू लागली. नखं भरली, बोट कापलं, तोंड सुरूच होतं. थोड्या वेळाने बाबा दुसऱ्या टोकाला येऊन ब्लेडने खरवडायला लागले. तिला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं, पण उन्हं कलली होती. कामगारांना त्यांनी केव्हाच घरी पाठवलं होतं. कॉम्प्रेसर बंद होता.

बऱ्याचशा पट्ट्या सुटल्या. मधल्या काही शेवटपर्यंत हटून बसल्या. हर्षदने घड्याळाकडे पाहिलं आणि माइक सुरू केला.

तिने रागातच वाजवलं. त्या पट्ट्या आल्या की सुराच्या जागी लाकडाचा नुसता ठक् आवाज व्हायचा. ती थांबली नाही. शेवटच्या सुरावरून बोटं उचलली आणि म्हणाली, "पाठव."

बाबा उलट्या बादलीवर बसले होते. हात मांडीवर, इतका वेळ जराही न हललेले. बिचकत त्यांनी विचारलं, "असंच वाजतं गो हे, रोज?"

"नाय बाबा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "रोज लई चांगलं वाजतं."