पातेलं आपटायचं टेबल

थोरली जाऊ आठ दिवसांसाठी येणार होती. राहून बघते, नाही करमलं तर परत जाईन, असं तिने फोनवर साफ सांगितलं होतं. थोरले दीर गेल्यापासून ती परगावी एकटीच राहत होती, आणि तिने कायमचं इकडेच यावं म्हणून धाकटीने कधीची भुणभुण लावली होती. आता जे काय व्हायचं ते या आठ दिवसांत.

धाकटीने सगळी मदार स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. घर एकत्र होतं तेव्हा याच टेबलाशी दोघी जावांनी भाज्या चिरल्या होत्या, अबोले धरले होते आणि याच टेबलाशी दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. थोरली भारी धसमुसळी. गॅसवरचं पातेलं ती थेट टेबलावर धाडकन आपटायची, आणि धाकटी न चुकता म्हणायची, जाऊबाई, जपून. आता टेबलाला असं पॉलिश हवं होतं, की तो शब्द तोंडातून काढायची वेळच येऊ नये.

सुताराने टेबल घासून कोरं करून दिलं. मग धाकटीने रंगवाल्याचं डोकं खाल्लं. तो बिचारा सांगत राहिला, की तेलाने लाकूड देखणं दिसतं पण डाग धरतं, लाखेचं पॉलिश झकास चमकतं पण गरम भांड्यापुढे टिकत नाही, आणि पीयू नावाचं पॉलिश महाग असलं तरी एकदा कडक झालं की कशालाही दाद देत नाही. नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवील तर ती धाकटी कसली. तिने सुताराकडून तीन फळकुटं मागून आणली, तिन्ही पॉलिशं त्यांवर लावून चांगली वाळवली आणि मग त्यांचे हाल हाल केले. लिंबू पिळलं, तेल ओतलं, उकळतं पातेलं ठेवलं. नवऱ्याने चहा मागितला, तर तोही फळकुटांच्या वाट्याला गेलेला.

रोज संध्याकाळी थोरलीला फोनवर ताजी बातमी जायची. लाखेचं पडलं, तेलावर डाग उठला, पीयू अजून ठणठणीत. शेवटी पीयूच लावलं, आणि ते पुरतं कडक होईपर्यंत धाकटीने टेबलाला कोणाला बोट लावू दिलं नाही. हीही बातमी फोनवर गेलीच.

थोरली आली. टेबल बघून वा म्हणाली, आणि खुर्ची हातभर मागे सरकवून बसली. चहाचा कप तिने मांडीवर धरला. जेवताना ताटाखाली रुमाल पसरला. गॅसवरचं पातेलं उतरवलं, की ते चिमट्यात धरून खाली घालायला फडक्याची घडी शोधत उभी राहायची. रोज हेच. धाकटीला रडू यायचं बाकी होतं, कारण घरात जाऊ नाही, पाहुणी वावरत होती. एका सकाळी थोरलीने परतीच्या बसच्या वेळाही विचारल्या.

तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. घात त्या बातम्यांनीच केला होता. ज्या टेबलाचे एवढे लाड झाले, त्यावर कप ठेवायची तरी कोणाची छाती होणार?

गॅसवर एकीकडे दूध उकळत होतं, दुसरीकडे भाजी शिजत होती. धाकटीने पातेलं चिमट्याने उचललं आणि टेबलाच्या बरोबर मधोमध आपटलं. थोडं दूधही सांडलं.

"अगं, जपून!" थोरली ओरडली.

"हा शब्द या घरात नको म्हणून तर एवढा खटाटोप केला, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "हे टेबल तुमच्यासाठीच केलंय. आपटा की."

थोरलीने पातेलं बाजूला केलं. दूध पदराने पुसलं, वाकून तिरकं बघितलं, बोटाने चोळून पाहिलं. डाग नव्हता. तिने एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा गॅसवरच्या भाजीकडे. मग पदर खोचला, भाजीचं पातेलं चिमट्याने उचललं आणि टेबलावर असं काही आदळलं, की फळीवरचे डबे खणाणले. दोघी एकमेकींना धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

बाहेरच्या खोलीतून धाकटीच्या नवऱ्याचा आवाज आला, "वहिनी आल्या वाटतं?"

"आले हो, भाऊजी," थोरली म्हणाली, आणि खुर्ची ओढून टेबलावर कोपरं टेकून बसली.