डिस्पोजल

सकाळी शंकरराव रोजच्यासारखे ओट्यापाशी उभे राहून लेकीची बाटली भरत होते. आधी गरम पाण्यानं खंगाळायची, मग माठातलं पाणी भरायचं, मग झाकण घट्ट पिळायचं. पंचशीला शाळेत जायला लागली तेव्हापासूनचं हे काम. आता ती पाटबंधारे खात्यात अभियंता होती, कानाजवळचे केस पिकायला लागले होते, पण बाटली बाबाच भरत.

"पोरगी अफसर झाली, तुमची बाटली काही सुटली नाही," मीराबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"बाहेरचं पाणी बाधतं."

हे नेहमीचंच उत्तर. ते खरं नाही, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं. इकडे हिंदी मुलखात, महूला शाळेत असताना शंकररावांना ओंजळ धरून उभं राहावं लागे. कुणी वरून ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच वर्गात जायचं. लेकीवर कुणाकडे पाणी मागायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठी ती बाटली होती.

पंचशीला पदर खोचत बाहेर आली. "बाबा, तुम्ही पण चला ना आज. गाडीत जगह आहे. कब से म्हणताय, धरण पाहायचंय."

ते धरण दोन राज्यांच्या सीमेवर होतं. पाणी दोघांचं. करार असा की दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी मिळून पातळी पाहायची, सह्या करायच्या, मगच दरवाजे उघडायचे. पूर्वी दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या होत्या आणि दर उन्हाळ्यात भांडण ठरलेलं. सगळ्यांनी एकच पट्टी मानायची, हे पंचशीलानं खेपा घालघालून पटवलं होतं. तिचे वरिष्ठ श्रीरामसाहेब आता इथली प्रतिनियुक्ती संपवून पुण्याला परत निघाले होते. त्यांच्या जागी बोलणी करायला कोण बसणार, हे त्यांच्याच शिफारशीवर अवलंबून होतं. पंचशीलाला ती जागा हवी होती. तिनं तोंडानं कधी म्हटलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

गाडीत श्रीरामसाहेब मोकळेपणानं बोलत होते. "काका, तुमची मुलगी हुशार आहेच. पण या कामाला ॲडजस्ट करणारा माणूस लागतो. तोंडात साखर हवी."

"आहे ना साहेब," शंकरराव म्हणाले. "लहानपणापासून ॲडजस्टच करते."

धरणाच्या विश्रामगृहाचा व्हरांडा पाण्याकडे तोंड करून होता. नजर पोचेल तिथवर पाणी, आणि वर मे महिन्याचं ऊन. पलीकडच्या राज्याचे दोन अधिकारी आधीच येऊन घाम पुसत बसले होते. चौकीदार शाम ट्रे घेऊन आला. स्टीलचे चकचकीत ग्लास भरलेले, आणि कडेला प्लास्टिकचे दोन पातळ ग्लास. ते दोन त्यानं पंचशीला आणि शंकररावांच्या पुढे ठेवले. "मैडम, आपका डिस्पोजल."

पलीकडच्या अधिकाऱ्यांशी बोलता बोलता, न पाहता, पंचशीलाचा हात पिशवीत बाटलीकडे गेला. शंकररावांनी तो हात पाहिला. त्या हाताला ही सवय कुणी लावली, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ते उठले. "शाम, ये वाला देना," म्हणत ट्रेमधल्या स्टीलच्या ग्लासाला त्यांनी हात घातला.

शाम गडबडला. "बाबूजी, वो साब लोगों का है."

"मैं क्या चोर हूँ?"

"नाराज मत हो बाबूजी. साब ने ही फोन पे बोला था, मैडम का अलग रखना, रसोइया झंझट करता है."

श्रीरामसाहेब हसले. "अहो काका, डिस्पोजल जास्त हायजिनिक असतं!"

"मग तुम्हीच घ्या ना, साहेब."

शंकररावांनी ग्लास तोंडाला लावला आणि घोटाघोटानं संपवला. मग व्हरांड्यातल्या नळाखाली तो घासून धुतला, पुन्हा भरला आणि ट्रेमध्ये सरकवून दिला. सगळे ग्लास सारखेच. त्यांचा कुठला, ते आता शामलाही सांगता आलं नसतं.

बैठक सुरू झाली. पट्टीवर पातळी पाहून झाली, दोन्हीकडून एकच आकडा निघाला. पलीकडचे वयस्क अधिकारी हात जोडून म्हणाले, "मैडम, इस बार थोड़ा ज्यादा छोड़िए. पीने के पानी का सवाल है. गाँव के गाँव प्यासे हैं."

"प्यासे को कौन मना करेगा, सर," पंचशीला म्हणाली आणि तिनं सही केली.

ट्रे मधोमध तसाच होता. बोलून बोलून सगळ्यांचे घसे कोरडे पडले. एकानं खोकून घेतलं, एकानं ओठांवरून जीभ फिरवली. श्रीरामसाहेबांचा हात एकदा ट्रेकडे गेला आणि मध्येच वळून मोबाईलवर बसला. समोर दोन राज्यांना पुरेल एवढं पाणी होतं, आणि एकही ग्लास उचलला गेला नाही. पंचशीलानं मात्र बैठक उठताना एक उचलला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

परतीच्या वाटेवर श्रीरामसाहेब म्हणाले, "काका, आज तुम्ही जरा जास्तच केलंत. पंचशीला, तुझ्या नावाचा मी विचार करत होतो, पण..."

करत होतो. शंकररावांनी ते 'होतो' ऐकलं. ते लेकीला हळूच म्हणाले, "माझं चुकलं का गं?"

"नाही बाबा. थकलेय मी. पण चुकलं नाही." मग ती पुढे वाकली. "सर, त्या जागेसाठी मी लेखी मागणी करीन. का नाही दिली, ते तुम्ही लेखी सांगा. आणि शामला केलेल्या फोनचंही."

श्रीरामसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कोरड्या घशातून आवाजच फुटला नाही. ते खोकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं.

पंचशीलानं पिशवीतून बाटली काढली. सकाळी बाबांनी भरलेली, अजून झाकणही न उघडलेली.

"घ्या सर. घरचं आहे."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. गौतमपुरा गावाची पाटी मागे गेली. लांबवलेल्या हाताला रग लागली असेल, पण तिनं तो मागे घेतला नाही.