फुकट्यांची चौकट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो, आणि मी मनात डूख धरून आहे. चौकटीने असे बोलू नये, हे मला कळते. पण आधी माझी हकिगत ऐका आणि मग खुशाल नावे ठेवा.

मधपेटीत नेमकी बसेल अशी मला एका सुताराने घडवली. पेट्यांच्या मालकीणबाईंना सगळे घर वहिनी म्हणे. त्यांनी माझ्यात मोठ्या घरांचा मेणपत्रा बसवला, म्हणजे पोळ्याच्या घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा. लहान घरांत कामकरी माश्या वाढतात, मोठ्या घरांत नर. थंडी सरली की वहिनी मला सर्वांत गुणी पेटीत ठेवत. "बाप चांगला तर लेकी चांगल्या," असे म्हणत. नर मध गोळा करत नाही, हे खरे. पण तरुण राणी लग्नाला उडते तेव्हा तिला आभाळात नर भेटले नाहीत, तर अख्खी पेटी बुडते. भेटलेला नर तिथेच प्राण सोडतो. अशी माझी पोरे! मला खरवडून साफ करताना वहिनी "माझी गुणाची" म्हणत आणि मी फुलून जाई.

एका वर्षी नव्या राण्या जन्मायच्या वेळीच वहिनींच्या लेकीचे बाळंतपण आले. निघताना त्या धाकट्या दिराला म्हणाल्या, "भावजी, एवढी चौकट जपा. आसपास दुसऱ्या कोणाच्या पेट्या नाहीत. या नरांवरच सगळं आहे."

"तुम्ही निर्धास्त जा, वहिनी."

वहिनींची पाठ वळताच भावजींनी मला बाहेर ओढले. "हे तर नुसते ऐतखाऊ! खायला काळ नि भुईला भार!" त्यांनी माझी घरे चाकूने कापली, पांढरीशुभ्र पोरे कोंबड्यांपुढे टाकली आणि मला शेडच्या खिडकीला टेकू म्हणून लावले. वारा आला की खिडकी माझ्या डोक्यावर आपटे. दर वेळी मी मनात भावजींना म्हणे, तुझी फजिती मी इथूनच बघेन.

आणि बघितली. नव्या राण्या उडाल्या, तशाच परतल्या. पुन्हा उडाल्या, पुन्हा तशाच परतल्या. मला त्यांची कीव आली, पण आनंद जास्त झाला.

वहिनी परतल्या तेव्हा भावजींनी मोठ्या रुबाबात पेटी उघडली. "बघा, पोळं कसं भरगच्च!"

वहिनी वाकून बघत राहिल्या. "भावजी, या घरांवरची झाकणं अशी फुगीर का?"

"आतली पोरं चांगली पोसली आहेत."

"हे सगळे नर आहेत."

"नर? मी तर एकूण एक कापले!"

"म्हणूनच. राणीला नर भेटला नाही, तर तिच्या अंड्यांतून नुसते नरच निघतात. तेही लहान घरांतले, खुरटे. नवी कामकरी माशी एकही नाही. आहेत त्या म्हाताऱ्या झाल्या की पेटी संपली."

दुसरी पेटी तशीच निघाली, तिसरीही तशीच. भावजी पालथ्या बादलीवर मटकन बसले. मित्रांनो, मध मी पुष्कळ पाहिला आहे, पण इतका गोड क्षण कधी अनुभवला नव्हता.

एका पेटीत तेवढी जुनी राणी शाबूत होती. वहिनींनी मला भावजींच्या हातात दिले. "घासा, मेणपत्रा लावा आणि तुमच्या हातांनी त्या पेटीत ठेवा. नर उडायला लागले की तिथूनच नव्या राण्या वाढवू."

आता माझ्यात पुन्हा पोरे वाढताहेत. भावजी रोज पेटीपाशी येतात. "वहिनी, नर उडायला लागले का?"

"अजून कोवळे आहेत."

"तिकडे माश्या रोज कमी होतायत!"

"होणारच, भावजी."

मला घाई करता आली असती, तरी मी केली नसती.

मित्रांनो, एक विनंती आहे. जे बिनकामाचे दिसते ते कापण्याआधी, ते ज्याने जपले आहे त्याला विचारा. नराला नांगी नसते, म्हणून त्याचा घाव बसत नाही असे समजू नका.

आज सकाळी भावजींनी शेवटची रिकामी पेटी उचलून शेडमध्ये ठेवली. मग माझ्या पेटीशी वाकून हळूच म्हणाले, "चुकलो."

मी ऐकले. माफ केलेले नाही.