जांभळी चौकट

टेक्सासातल्या त्या गावात ओलेटाच्या खानावळीचं पुढचं दार परक्यांसाठी होतं. गावची माणसं मागून, स्वयंपाकघरातून, भांड्यांत डोकावतच आत येत.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कमरेचं पिस्तूल निसटून जमिनीवर आदळलं. उडालं नाही, एवढंच नशीब. शेजारच्याच टेबलाखाली एक पोरगी पडलेलं बिस्कीट शोधत होती. राज्याच्या नव्या कायद्याने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत होतं, पण आपल्या जागेत ते नको म्हणायचा हक्क मालकालाही होता. ओलेटाने पुढच्या दारावर पिस्तूलबंदीची ठसठशीत पाटी लावली.

दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट, तिच्या दिवंगत नवऱ्याचा जिवलग दोस्त, नेहमीसारखा मागून आला. कमरेला पिस्तूल.

"पाटी वाचली नाहीस?"

"कायदा म्हणतो, दारादाराला पाटी हवी. मी कधी पुढून आलोय का गं?"

त्याच्या रोजच्या टेबलाभोवती बसलेले म्हातारे खो खो हसले. ओलेटा हसली नाही. हा रुसला तर अख्खं टेबल त्याच्यामागे उठून जाईल, हे ती जाणून होती.

दुसरी पाटी लावणं सोपं होतं. पण पाटी परक्यांसाठी असते, असं तिला वाटलं. तिने कोठारातला उरलेला जांभळा रंग काढला आणि मागच्या दाराच्या चौकटीला फासला. कुंपणाच्या खांबावर जांभळा पट्टा म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही; तिथलं शेंबडं पोरही ते ओळखतं.

सकाळी डेल्बर्ट उंबऱ्याशी थबकला. मागे बाकीचे.

"अगं, हा रंग कुंपणाचा! पिस्तुलाच्या बाबतीत याला कायद्यात काडीची किंमत नाही."

"ठाऊक आहे. तुझ्या कुंपणावर हाच आहे ना? ओलांडतं कुणी?"

"कुणाची छाती आहे!"

"का रंगवलंय, म्हणून विचारतं कुणी?"

"माझी जमीन आहे. त्यात विचारायचं काय..." बोलता बोलता तो थांबला. मग वळून ट्रककडे चालू लागला.

ओलेटाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. ट्रकचं दार उघडलं, आपटून बंद झालं. इंजिनाचा आवाज मात्र आला नाही.

डेल्बर्ट परतला तो एका हाताने पँट वर ओढत. दुसऱ्या हातात जांभळ्या रंगाचा डबा.

"कमरेचं ओझं गेलं तर पट्टा सैल झाला," तो कुरकुरला. "आणि रंग फार पातळ लावलायस. अजून एक हात मारायला हवा. आधी कॉफी दे."

मागचे म्हातारेही कमरेची पिस्तुलं चाचपत आपापल्या ट्रककडे वळले. ओलेटाने तव्यावर सगळ्यांसाठी अंडी फोडली.