बजेट येऊ दे, मग पाहू

"या डब्यावर भरोसा नको ठेवू गा भैयाजी. गोड गोड बोलते, अन् जाता जाता खिशात हात घालते."

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानातला, पाठीला पोक असलेला जुना टीव्ही. नावं ठेवणारे आमचे मालक वामनराव, आणि मान डोलावणारे शेजारचे दुकानदार भैयाजी.

नवा होतो तेव्हा मला हार घातला होता. क्रिकेटच्या दिवशी गर्दी रस्त्यापर्यंत जाई. पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले आणि माझ्यावर अस्तराचा तुकडा पडला. आता तो निघतो फक्त केंद्राच्या बजेटच्या सकाळी.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. बजेटचं भाषण संपेपर्यंत एकही थान उलगडायचं नाही. काय महाग होईल, कोणी सांगावं! वामनराव माझ्याकडे असे पाहतात, जसं भाजीवाल्याच्या काट्याकडे पाहावं. नवे रस्ते म्हटलं की, "म्हणजे टोल." सवलत म्हटलं की, "थांब, पुढं अट असन."

त्यांच्या संगतीनं मीही संशयी झालो. पण माझा संशय वेगळा आहे.

वामनरावांची मुलगी भूमिका कॉलेज संपल्यापासून दुकानात राबते. बाबा थकले, आता दुकान आपल्या हाती द्यावं, असं तिला वाटतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बजेट येऊ दे, मग पाहू." बजेट येतं आणि जातं. मग पुढचं बजेट.

यंदा मात्र ठरवतोच, असं ते म्हणाले होते. म्हणून की काय, पुतण्या जितेंद्रही सकाळीच येऊन बसला. त्याचं सीताबर्डीत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. सुती आणि टेरिकॉट त्याला सारखंच. एरवी तो इकडे फिरकत नाही. कशाला आला असेल?

भाषण रंगात आलं आणि खाप्याहून रंभाबाई लग्नाच्या खरेदीला आल्या.

"भाषण होऊ द्या बाई," वामनराव म्हणाले.

"माह्या पोरीचं लग्न त्याच्यासाठी थांबन का जी?"

भूमिका हसली आणि तिनं सरळ थान उलगडलं. भाषण संपायच्या आत रंभाबाई गठ्ठा घेऊन खुशीत गेल्यासुद्धा. वामनरावांनी सगळं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे तोंड केलं.

भाषण संपलं.

"बाबा, आता?"

"कापसाचं काय म्हटलं ते नीट ऐकू नाही आलं. हा डबाच खरखर करून राहिला." माझ्या पाठीत धपाटा बसला.

जितेंद्र मोबाइलमध्ये पाहू लागला, भैयाजी छताकडे.

मित्रांनो, त्या दिवशी माझा आवाज अगदी स्वच्छ होता. जुन्या वस्तूची धूळ पुसा, तिला झाकून ठेवा, नाहीतर भंगारात द्या. पण आपल्या मनातलं तिच्या माथी मारू नका.

जेवण घेऊन आलेल्या मनकर्णाबाई, वामनरावांच्या पत्नी, पायरीवरच थांबल्या होत्या.

"त्याले काहून मारता जी? पोरगी आहे म्हणून देऊन नाही राहिले तुम्ही. पोरगा असता, तर कोणतं बजेट पाहिलं असतं?"